मावळातील विद्यापीठीय शिक्षण

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण प्रामुख्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या सार्वजनिक विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. विद्यापीठाचे मुख्य आवार पुण्यात गणेशखिंड येथे असून मावळात तळेगाव दाभाडे, लोणावळा व कुसगाव या ठिकाणी त्याची संलग्न महाविद्यालये आहेत. विद्यापीठाच्या स्थापनेआधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, याच तालुक्यात विद्यापीठीय चौकटीबाहेरच्या शिक्षणाचे तीन महत्त्वाचे प्रयोग झाले. तळेगावचे समर्थ विद्यालय, तेथीलच पैसा फंडाचा काच कारखाना आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम हे ते प्रयोग होत. त्यामुळे मावळातील उच्च शिक्षणाचा इतिहास केवळ पुण्याहून आलेल्या पदवीचा इतिहास ठरत नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

मावळ तालुक्याचे मुख्य ठाणे वडगाव हे आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातून मुंबई–पुणे लोहमार्ग व महामार्ग जातो. त्याच्या दोन्ही अंगांना आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी पसरली आहेत. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही मोठी गावे लोहमार्गावर आहेत, तर खोऱ्यांतील बहुतेक खेडी त्यापासून दूर, डोंगरांच्या आत आहेत. उच्च शिक्षणाच्या सोयी जवळजवळ सगळ्या लोहमार्गालगत एकवटल्या आहेत, ही गोष्ट तालुक्यातील शिक्षणाचा विचार करताना पदोपदी लक्षात घ्यावी लागते. घाटमाथ्यावरील पाऊस हा आणखी एक घटक आहे. शैक्षणिक वर्षाचे पहिले सत्र ऐन पावसाळ्यात येते आणि लोणावळा परिसरात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. खोऱ्यातील रस्ते व ओढे यांच्या भरवशावर महाविद्यालय गाठणाऱ्या मुलामुलींच्या उपस्थितीवर त्याचा परिणाम होणे स्वाभाविक आहे.

विद्यापीठापूर्वीचे प्रयोग

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून १९४९ पर्यंत पुण्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली होती. मावळातील विद्यार्थ्याला प्रवेश परीक्षा म्हणजे मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकायचे असेल, तर पुण्याचे डेक्कन अथवा फर्ग्युसन महाविद्यालय किंवा मुंबई गाठावी लागे. तालुक्यात पदवीचे शिक्षण नव्हते.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्य व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री पुढे आली. त्या वातावरणात प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये कोल्हापूर येथे समर्थ विद्यालय सुरू केले. विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि ‘ग्रंथमाला’ व ‘विश्ववृत्त’ या मासिकांचे संपादक म्हणून प्रसिद्ध होते. हे विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे आले. सरकारी परीक्षांची पर्वा न करता मातृभाषेतून शिक्षण द्यावे आणि पुस्तकी विद्येला शरीरशिक्षण व हस्तव्यवसाय यांची जोड द्यावी, असा त्याचा हेतू होता. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी तेथे येऊन राहत. ‘विश्ववृत्ता’त पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांविषयीचा लेख छापल्याबद्दल विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांना कारावास भोगावा लागला. १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले. सुटकेनंतर विजापूरकरांनी तळेगावातच काम पुन्हा उभे केले. तेथील नवीन समर्थ विद्यालय ही त्याच परंपरेतील शाळा होय.

समर्थ विद्यालयाने पदवी दिली नाही आणि देण्याचा दावाही केला नाही. तरीही मराठीतून उच्च प्रतीचे शिक्षण देता येते की नाही, हा प्रश्न त्याने मावळच्या भूमीवर प्रत्यक्ष प्रयोगाने विचारला. पुढे विद्यापीठाच्या स्थापनेच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याच्या अल्प आयुष्यापेक्षा बरेच मोठे आहे.

तळेगावातील दुसरा प्रयोग पैसा फंडाचा होता. अंताजी दामोदर काळे यांनी दरडोई वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. मालाच्या उत्पादनाइतकेच काचकामाचे शिक्षण देणे हा त्याचा उद्देश होता आणि येथे शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी हिंदुस्थानातील इतर काच कारखान्यांत काम केले. त्यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाचे प्रमाणपत्र नव्हते. आज ज्याला कौशल्यशिक्षण म्हणतात, ते तळेगावात त्या काळी भट्टीपुढे दिले जात होते.

कैवल्यधाम

लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये स्थापन केले. बडोद्याला माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे, तर नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले होते. खानदेशात अमळनेर येथे ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात होते. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहिला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. उड्डियान व नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरातील पोकळ्यांमधील दाब किती बदलतो, याचे प्रयोग त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने केले. ते निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासाठी स्थापनेच्या वर्षीच ‘योग-मीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले.

संस्थेच्या कामाचे दोन भाग पडतात. एका बाजूला प्रयोगशाळा आहे, तर दुसऱ्या बाजूला हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांचे संपादन करणारा विभाग आहे. १९५० च्या सुमारास गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योग महाविद्यालय सुरू झाले व तेथून योगशिक्षणाची पदविका देण्यास आरंभ झाला. देशातील अनेक शाळा व महाविद्यालयांतील योगशिक्षक या महाविद्यालयात तयार झाले आहेत.

दीर्घकाळ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत योगाला शारीरिक शिक्षणाचा एक उपविषय एवढेच स्थान होते. जानेवारी २०१७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत योग हा स्वतंत्र विषय झाला, म्हणजे त्या विषयाचा सहायक प्राध्यापक होण्याची वाट अधिकृतपणे खुली झाली. लोणावळ्यात हा विषय अभ्यासक्रमाच्या रूपात त्याआधी सहा दशकांहून अधिक काळ शिकवला जात होता.

पुणे विद्यापीठाची स्थापना

महाराष्ट्राची भाषा, इतिहास व गरजा यांच्याशी नाते सांगणारे वेगळे विद्यापीठ असावे, ही मागणी जुनी होती. मुंबई सरकारने बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. पुढे बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात पुणे विद्यापीठ अधिनियम, १९४८ संमत झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. जयकर हेच पहिले कुलगुरू झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या निजाम अतिथिगृहात प्रारंभीचे कामकाज चाले. नंतर ते गणेशखिंड येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात आले. सुमारे ४११ एकरांचे हे आवार आणि मनोऱ्याची ती इमारत हीच आज विद्यापीठाची ओळख बनली आहे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ती याच निवासस्थानातील व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून तो परतत असताना. ती झाडणारे चापेकर बंधू लोणावळा मार्गावरच्याच चिंचवडचे होते.

आरंभी विद्यापीठाच्या कक्षेत मुंबई राज्यातील बारा जिल्हे, १८ महाविद्यालये व सुमारे आठ हजार विद्यार्थी होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर दक्षिणेकडील भाग वेगळा झाला. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा जळगाव व धुळे हे जिल्हे तिकडे गेले. आता पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक हे तीन जिल्हे कार्यक्षेत्रात उरले आहेत. क्षेत्र घटत गेले, पण विद्यार्थिसंख्या मात्र वाढत गेली आणि हे देशातील मोठ्या संलग्नक विद्यापीठांपैकी एक झाले. २०१४ मध्ये विद्यापीठाच्या नावाला सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडण्यात आले. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या शिक्षिकेचे नाव लक्षावधी पदवीपत्रांवर छापले जाते, ही घटना केवळ औपचारिक मानता येणार नाही. खोऱ्यातील मुलगी बारावीनंतर शिकते की नाही, हाच त्या नावाचा खरा कस आहे.

संलग्नता म्हणजे काय

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे एकाच वेळी अध्यापन करणारे व संलग्नता देणारे विद्यापीठ आहे. गणेशखिंडीतील विभागांत ते स्वतः शिकवते. त्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट विद्यार्थी मात्र संलग्न महाविद्यालयांत शिकतात. ही महाविद्यालये खाजगी शिक्षण संस्था चालवतात. काहींना शासनाचे अनुदान मिळते, काही विनाअनुदानित असतात. अभ्यासक्रम विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवतात व विद्या परिषद त्यांना मान्यता देते. अंतिम परीक्षा, गुणपत्रक आणि पदवी विद्यापीठाची असते. शिक्षकांच्या पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे असतात व निवडीस विद्यापीठाची मान्यता लागते. त्यामुळे लोणावळ्याच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेणारा व पुण्यातील नामवंत महाविद्यालयातून तीच पदवी घेणारा या दोघांच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचे नाव असते. फरक पडतो तो ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिकवणारे आणि सोबतीचे विद्यार्थी यांत. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवण्याची मुभा मिळाल्यापासून हा फरक अभ्यासक्रमापर्यंतही पोहोचला आहे.

मावळातील संलग्न महाविद्यालये

तळेगाव दाभाडे येथील इंद्रायणी महाविद्यालय हे तालुक्याच्या पूर्व भागातील प्रमुख महाविद्यालय आहे. लोणावळ्यात लोणावळा एज्युकेशन ट्रस्टचे डॉ. बी. एन. पुरंदरे कला, श्रीमती एस. जी. गुप्ता वाणिज्य आणि श्रीमती एस. ए. मित्तल विज्ञान महाविद्यालय आहे. इतक्या लांब नावात प्रत्येक शाखेशी एकेक नाव जोडलेले आहे. मावळात ही रीत नवी नाही. शेजारच्या कार्ले लेण्यातील ब्राह्मी लेखांतही कोणी खांब दिला व कोणी दालन कोरवून घेतले, हे दात्यांच्या नावांनिशी नोंदले आहे.

लोणावळ्याजवळ कुसगाव येथे सिंहगड टेक्निकल एज्युकेशन सोसायटीचे शैक्षणिक संकुल असून तेथे अभियांत्रिकी व व्यवस्थापन यांसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम शिकवले जातात.

कला–वाणिज्य–विज्ञान महाविद्यालये आणि व्यावसायिक महाविद्यालये यांतील विद्यार्थिवर्ग वेगळा असतो. पहिल्या प्रकारात प्रवेश बारावीच्या गुणांवर व स्थानिक पातळीवर होतो, त्यामुळे तेथे मावळातील मुलेमुली अधिक दिसतात. दुसऱ्या प्रकारात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून जागा भरल्या जातात आणि विद्यार्थी राज्यभरातून येतात. म्हणून तालुक्यात अभियांत्रिकीच्या जागा असणे आणि तालुक्यातील मुलांना अभियांत्रिकीचे शिक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभ्यासक्रमांची रचना

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. विधी हा विषय मानव्यविद्येत, तर शिक्षणशास्त्र व शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय अभ्यासात मोडतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार संलग्न महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रम शैक्षणिक वर्ष २०२४–२५ पासून बदलले. वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक मिळवावे लागतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवल्यास ठराविक अटींवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर विशेष पदवी अशी रचना आहे. मिळवलेले श्रेयांक श्रेयांक पेढीत जमा राहतात व पुढे पुन्हा प्रवेश घेता येतो. घरची शेती किंवा लग्न यांमुळे शिक्षण मध्येच सुटणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे, आता निदान प्रमाणपत्र उरते. मात्र या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यविषय असे बरेच पर्याय द्यावे लागतात. मोजके शिक्षक असलेल्या लहान महाविद्यालयात कागदावरचे सर्व पर्याय प्रत्यक्षात मिळणे अवघड जाते आणि विद्यार्थ्याची निवड उपलब्ध शिक्षकांवर ठरते.

कला व वाणिज्य शाखांत मराठी माध्यमातून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे. विज्ञान आणि बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत हा बदल सोसावा लागतो व पदवीच्या पहिल्या वर्षीही त्याची झळ बसते.

नियमित वर्गांना बसू न शकणाऱ्यांसाठी पूर्वी बहिःस्थ पद्धत होती. तिची जागा आता विद्यापीठाच्या मुक्त अध्ययन प्रशालेने घेतली आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हाही नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी मोठा पर्याय आहे.

गणेशखिंड येथील विभाग

पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांसाठी मावळातील विद्यार्थी मुख्य आवाराकडे वळतात. तेथे मराठी, संस्कृत व प्राकृत, पाली, इतिहास, भूगोल, संख्याशास्त्र, भौतिकी, रसायन, संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान इत्यादी विभाग आहेत. नाट्य, संगीत व नृत्य शिकवणारे ललित कला केंद्र आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र ही आवाराची खास वैशिष्ट्ये होत. पत्रकारिता व परदेशी भाषा यांचे वर्ग शहरातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात. मध्यवर्ती ग्रंथालयाला जयकरांचे नाव आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेले व डॉ. जयंत नारळीकर यांनी घडवलेले आयुका हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र याच आवारात असले, तरी ती स्वतंत्र संस्था आहे. पीएच.डी.साठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते. मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेल्या संलग्न महाविद्यालयांतही संशोधन केंद्र चालवता येते.

कार्यक्षेत्राबाहेरच्या संस्था

मावळातील प्रत्येक संस्था पुणे विद्यापीठाला जोडलेली नाही. वैद्यकीय शिक्षण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे (नाशिक) गेले, त्यामुळे तळेगावचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या कक्षेत येते. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाले. तेथील नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदवीला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मान्यता होती. पुढे पदवी शिक्षण केरळमधील एझिमला येथील नौदल अकादमीत गेले. तळेगावजवळ आंबी येथे एक खाजगी विद्यापीठही आहे. खाजगी विद्यापीठ स्वतःच्या नावाने पदवी देते आणि त्याचे शुल्क, प्रवेश व कारभार यांना सार्वजनिक विद्यापीठांचा अधिनियम लागू होत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी हा भेद विद्यार्थ्यांनी व पालकांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

प्रवास, खर्च व सवलती

पुणे ते लोणावळा हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ६४ किलोमीटर आहे. या मार्गावरील लोकल ही मावळातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मुख्य वाहिनी होय. गणेशखिंडीला जाणारे विद्यार्थी खडकी किंवा शिवाजीनगरला उतरतात. खोऱ्यांतील विद्यार्थ्यांना आधी एसटी, जीप किंवा दुचाकीने कामशेत, वडगाव वा तळेगाव गाठावे लागते आणि परतीची शेवटची गाडी कोणती, यावर तासिका, ग्रंथालय व प्रात्यक्षिक यांचा वेळ ठरतो. मुलींच्या बाबतीत घरून मिळणारी परवानगीसुद्धा बहुधा याच गाडीवर अवलंबून असते.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व शुल्कमाफी मिळते. शैक्षणिक वर्ष २०२४–२५ पासून राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. या सवलतीत प्रवास व वसतिगृहाचा खर्च येत नाही. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना संलग्न महाविद्यालयांतही राबवली जाते. तीत विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, बाग इत्यादी ठिकाणी ठराविक तास काम करून तासाप्रमाणे मोबदला मिळवतात.

बहिःशाल शिक्षण व अधिसभा

विद्यापीठाशी विद्यार्थी म्हणून संबंध नसलेल्या नागरिकांसाठी बहिःशाल शिक्षण मंडळ काम करते. त्याच्या वतीने डॉ. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत व गावोगावी होते. ती सर्वांना खुली असते.

विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात आणि कुलगुरू हे शैक्षणिक व प्रशासकीय प्रमुख असतात. अधिसभेवर प्राचार्य, संस्थाचालक व अध्यापक यांच्या प्रतिनिधींबरोबर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या व्यक्तीला मतदार होण्यासाठी मुदतीत स्वतंत्र अर्ज करून नाव नोंदवावे लागते, पदवी मिळाली म्हणून ते आपोआप नोंदले जात नाही. तळेगाव किंवा लोणावळ्यातून पदवीधर झालेल्यांनाही हा हक्क पुण्यातील पदवीधरांइतकाच आहे.